पोळपाटावरची मोहरी: एका प्रकल्पाच्या नोंदी

३ जून २०२४

लॅबची अधिकृत वही इंग्रजीत असते. तिच्यात लॉट नंबर, आकडे आणि मॅडमची सही. 'आज दिवस पाण्यात गेला' असं तिच्यात लिहिता येत नाही, म्हणून आजपासून ही दुसरी वही. पुणे, दुसरा मजला, खिडकीशी गुलमोहर. प्रोजेक्ट फेलो म्हणून सकाळी हजर झाले, दुपारी पिपेट मोजून घेतले, संध्याकाळी कळलं की त्यातला एक गळतो.

अर्जावरचं प्रकल्पाचं नाव दोन ओळींचं आहे. आईला फोनवर सांगितलं ते असं. जनुकाची आरएनए प्रत निघते तेव्हा कामाच्या मजकुरात मधेच लांबलचक फाफटपसारा असतो. तो कापून कामाचे तुकडे जोडायचे, म्हणजे स्प्लायसिंग. १९७७ साली फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांना हे एका विषाणूत दिसलं, १९९३ साली दोघांना नोबेल मिळालं. कुठे कापायचं आणि कुठला तुकडा ठेवायचा हे सांगायला आरएनएवर जाऊन बसणारी प्रोटीनं असतात. कॅन्सरमध्ये त्यांचं गणित बिघडतं. त्यांपैकी एकाला छोट्या रासायनिक रेणूने अडवता येतं का, हे मी बघायचं.

आई म्हणाली, "म्हणजे औषध?" म्हटलं, "औषधाच्या खूप अलीकडचं काहीतरी."

११ जून

आमचं प्रोटीन एचएनआरएनपी-ए१. लॅबमध्ये सगळे नुसतं 'ए१' म्हणतात. बऱ्याच ठिकाणी ते 'हा तुकडा घेऊ नका' असं सांगणाऱ्या पक्षातलं.

त्याचं गाजलेलं उदाहरण एसएमएन२ जनुकातलं. सातव्या एक्सॉनमध्ये (एक्सॉन म्हणजे ठेवायचा कामाचा तुकडा) सहाव्या जागी सी या अक्षराचा टी झालेला असतो आणि तेवढ्यावरून तो एक्सॉन बहुतेक प्रतींतून गळतो. का गळतो यावर दोन गट भांडले. एक म्हणे, तो एक्सॉन ठेवायला सांगणाऱ्या एसआरएसएफ१ प्रोटीनची जागा मोडली. दुसरा म्हणे, ए१ला बसायला जागा झाली. जवळचं एसएमएन१ जनुक बिघडलेल्या बाळाला मग एसएमए होतो, स्नायू दुबळे करत जाणारा आजार. २०२१ साली महाराष्ट्रात '१६ कोटींचं इंजेक्शन' म्हणून घरोघर ज्याची चर्चा झाली, वर्गण्या निघाल्या, ते इंजेक्शन याच आजारावरचं. ते नवं जनुकच आत सोडतं. पण रिसडिप्लाम हे तोंडाने घ्यायचं औषध (अमेरिकेत मान्यता ऑगस्ट २०२०) थेट स्प्लायसिंग सुधारतं. ते मुख्यतः आरएनएच्या सांध्यावर बसतं आणि सातवा एक्सॉन धरून ठेवायला लावतं. म्हणजे छोट्या रेणूने स्प्लायसिंग वळवता येतं, यात आता शंका उरलेली नाही. मात्र त्यासाठी प्रोटीनचा हात धरायचा असेल तर गोष्ट वेगळी.

ती मॅडमनी आज फळ्यावर सांगितली. आरएनए धरणाऱ्या प्रोटीनांत सगळ्यात जास्त वेळा भेटणारा भाग म्हणजे आरआरएम. साधारण ८०-९० अमिनो आम्लांचा. चार पट्ट्या शेजारी लागून एक सपाट पाट तयार होतो, त्याच्या पाठीमागे मळसूत्रासारखे पिळलेले दोन हेलिक्स. आरएनए पाटावर पसरतो, त्याची अक्षरं पाटावरच्या फेनिलॲलनिनच्या चपट्या कड्यांवर ताटलीवर ताटली ठेवावी तशी बसतात.

"अगं, हा पोळपाट आहे," मॅडम म्हणाल्या. "त्यावर पोळी छान पसरते. तुला पोळी पसरू द्यायची नाहीये, म्हणून तू काय ठेवणार? मोहरीचा दाणा. तो जागेवर राहील का?"

छोट्या रेणूला खड्डा लागतो. काइनेज एन्झाइममध्ये एटीपीसाठी असा खड्डा आयताच असतो, म्हणून बरेच जण आडवाटेने गेले. स्प्लायसिंगच्या एसआर प्रोटीनांना फॉस्फेट लावणारे काइनेज अडवा, प्रोटीनं आपोआप गोंधळतील. टीजी००३ आणि एसआरपीआयएन३४० ही त्या वाटेवरची कंपाउंडं, दोन्ही जपानमधली. शहाणपणाची वाट. आमचा अर्ज मात्र सरळ पोळपाटावर चालून जाणारा, आणि तो मंजूरही झालेला.

२१ जून

ए१चा पहिला अर्धा भाग, ज्यात दोन आरआरएम आहेत, त्याला यूपी१ म्हणतात. तो ई. कोलाय जिवाणूत तयार केला, निकेलच्या कॉलमवर धुऊन घेतला. जेलवर एकच सुरेख पट्टा. खूश होऊन स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ठेवला, तर २६० आणि २८० नॅनोमीटरला किती प्रकाश शोषला त्यांचं गुणोत्तर १.४. शुद्ध प्रोटीनचं ०.६ च्या आसपास यायला हवं.

म्हणजे प्रोटीनबरोबर जिवाणूचे न्यूक्लिक आम्लाचे तुकडे चिकटून आलेत. येणारच. ज्याचा धंदाच आरएनए धरण्याचा आहे ते रिकाम्या हाताने कसं येईल? जेलवर नुसतं प्रोटीन रंगवलं होतं, त्यामुळे ही चोरी दिसलीच नाही. असलं प्रोटीन घेऊन बंधन मोजलं असतं तर पाटावर आधीच कुणाची तरी पोळी.

२५ जून

एक मोलर मिठाने धुतलं, मग हेपारिन कॉलम. ०.६२. झालं.

२ जुलै

मोजायची पद्धत ठरली: फ्लुओरेसन्स पोलरायझेशन. आरएनएच्या छोट्या तुकड्याला चमकणारा रंग लावायचा. तुकडा एकटा असेल तर भोवऱ्यासारखा भराभर फिरतो आणि त्याच्यावर टाकलेल्या प्रकाशाची दिशा विस्कटते. त्याच्या अंगावर यूपी१ बसलं की तो जड होऊन संथ फिरतो, दिशा टिकते. कंपाउंडने यूपी१ला हाकललं तर आकडा परत खाली. धुणं नाही, वेगळं करणं नाही, मिसळा आणि वाचा.

आरएनए महाग आणि नाजूक. बोटावरचं आरएनेज, म्हणजे आरएनए कापणारं एन्झाइम, लागलं तरी तुकडे पडतात. यूपी१ला टेलोमिअरचा (गुणसूत्राच्या टोकाचा) डीएनए, म्हणजे टीटीएजीजीजी, तितकाच आवडतो. त्याच्याबरोबरची स्फटिकरचना १९९९ सालीच आलेली आहे. मी सुचवलं की दोन टीटीएजीजीजी जोडून बारा अक्षरांचा डीएनए मागवू. स्वस्त पडेल, आरएनेजची भीती नाही. मॅडम क्षणभर थांबल्या, मग "बघ" म्हणाल्या. त्यांचं 'बघ' म्हणजे परवानगी असते की इशारा, हे मला अजून कळत नाही.

१८ जुलै

गुरुवार, वीज बंद. उणे ऐंशीचा फ्रीझर जनरेटरवर असतो, प्लेट रीडर नाही. यूपीएस दोन तास कोंबड्यासारखा ओरडला. मी आणि लॅबच्या मामांनी बर्फ फोडला.

२६ जुलै

प्लेट ३८४ वेलची, म्हणजे छोट्या खळग्यांची: १६ आडव्या, २४ उभ्या रांगा. दोन्ही कडांच्या दोन-दोन उभ्या रांगा कंट्रोलला (तुलनेच्या नमुन्यांना), म्हणजे ६४. उरतात ३२०, आणि शेजारच्या केमिस्ट्री लॅबने दिलेल्या संचातही बरोबर ३२० कंपाउंडं आहेत. बरीचशी वनस्पतींतली किंवा त्यांवरून बनवलेली. काही पाच-सहा वर्षांपूर्वी डीएमएसओत विरघळवून ठेवलेली.

आधी नुसत्या कंट्रोलची प्लेट. झेड-प्राइम ०.७१. बांधलेला आणि मोकळा यांच्या आकड्यांत पुरेसं अंतर आहे का आणि दोन्हींची थरथर किती, याचा हा एक हिशेब, ०.५ च्या वर असेल तर चाचणीवर भरवसा ठेवायचा. आज कँटीनमध्ये मी सगळ्यांना चहा पाजला.

३० जुलै

३२० पैकी ११ हिट, म्हणजे ११ कंपाउंडांनी आकडा खाली आणला!

आकडा पाहून आधी आनंद झाला, मग भीती वाटली. पोळपाटावर अकरा मोहऱ्या टिकल्या?

१ ऑगस्ट

तीन गेली. ती स्वतःच हिरवी चमकतात. वेलमधला एकूण उजेड बघितला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. तो रकाना फाइलमध्ये होता, मी उघडला नव्हता.

६ ऑगस्ट

आज पाच गेली, आणि यात चूक सर्वस्वी माझी. बफरमध्ये, म्हणजे चाचणीच्या द्रावणात, साबण घातला नव्हता.

बरीच सेंद्रिय कंपाउंडं पाण्यात मायक्रोमोलर प्रमाणात सुटी राहत नाहीत, त्यांचे कोलॉइडी गोळे होतात. गोळ्याच्या अंगाला प्रोटीन चिकटतं, आपल्याला वाटतं कंपाउंडने अडवलं. ब्रायन शॉयकेट यांच्या गटाने हे दाखवून देऊन वीस वर्षं होऊन गेली, उपायही दिला: ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० घाला. गोळे विरघळले की खोटा परिणामही विरघळतो. खूण डोळ्यासमोर होती. त्या पाचांचे आलेख कड्यासारखे सरळ उभे होते, हिल स्लोप (आलेख किती तीव्र आहे याचा आकडा) तीनच्या घरात. यूपी१च्या एका तुकड्यावर एक रेणू बसत असेल तर असा कडा येत नाही.

त्या पाचांत क्वेर्सेटिन होतं. कांद्यात असतं तेच. त्याच्याबद्दल गंमत अशी की ते ए१ला खरोखर चिकटतं असं २०१४ सालच्या एका कामात दाखवलंय, पण तिथे ते शेपटाकडच्या भागात बसतं, आरआरएमवर नाही. आणि आमच्या यूपी१ला शेपूटच नाही. त्यामुळे आमच्या प्लेटमध्ये त्याने जे केलं ते गोळ्यांचं काम.

ज्युनिअरने विचारलं, "ताई, मग पेपरांतले सगळे हिट खरे कशावरून?" मी म्हटलं, आधी आपले तीन बघू.

१४ ऑगस्ट

लॅबमध्ये काम नाही, ऑलिगोची (मागवलेल्या छोट्या तुकड्याची) वाट बघतेय. वाचन.

स्प्लायसिंग यंत्रणेला अडवणारं सगळ्यात नावाजलेलं कंपाउंड प्लॅडिएनोलाइड बी. स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूपासून जपानमध्ये मिळालं. ते एसएफ३बी१ या प्रोटीनवर काम करतं. स्प्लायसिंगमध्ये इंट्रॉनमधलं, म्हणजे कापून टाकायच्या भागातलं, एक ठरावीक ए अक्षर बाहेर उचललं जातं आणि एसएफ३बी१ आणि पीएचएफ५ए यांच्या मधल्या खोबणीत जाऊन बसतं. प्लॅडिएनोलाइड नेमकी ती खोबण अडवतं. म्हणजे तिथे पोळपाट नाही, तिथे वाटी आहे, म्हणून मोहरी राहते. हे काम इथेच होतं यालाही पुरावा पक्का: एसएफ३बी१मधलं १०७४ क्रमांकाचं आर्जिनिन बदलून हिस्टिडिन झालं की पेशी या कंपाउंडला दाद देत नाहीत.

त्याचंच सुधारलेलं रूप ई७१०७ माणसांवरच्या पहिल्या टप्प्यापर्यंत गेलं. काही रुग्णांची दृष्टी बाधित झाली आणि चाचण्या थांबल्या. आमच्या फ्रीझरमध्ये प्लॅडिएनोलाइडची एक नखाएवढी ट्यूब आहे, कंट्रोलसाठी. आज ती हातात घेतली तेव्हा दरवेळेपेक्षा थोडी जपून धरली.

२८ ऑगस्ट

दोन गेली. आणि मॅडमच्या त्या 'बघ'चा अर्थ कळला.

टीटीएजीजीजीत ओळीने तीन जी आहेत. असे दोन भाग असलेले दोन तुकडे जवळ आले आणि पाण्यात पोटॅशियम असलं की त्यांची चौपदरी घडी पडते, जी-क्वाड्रुप्लेक्स. माझ्या बफरात पोटॅशियम क्लोराइड होतं. उरलेल्या तिघांतली दोन कंपाउंडं चपटी, धनभारित. असली कंपाउंडं त्या घडीवर जाऊन बसतात आणि ती घट्ट करतात. घडी घातलेला डीएनए यूपी१च्या हाती लागत नाही. आकडा खाली येतो. कंपाउंडने प्रोटीनला हातही लावलेला नाही!

पडताळा: पोटॅशियमऐवजी लिथियम क्लोराइड. लिथियमला ही घडी सांभाळता येत नाही. दोन्ही हिट गायब. मग एकच यूएजीजीजी असलेला खरा आरएनए वापरून पाहिला, तिथेही काही नाही. स्वस्त ऑलिगोचं बिल असं महिनाभराने आलं. मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, "मला वाटलं होतं. पण तू एकदा ठेचकाळलीस की पुढे कधी विसरणार नाहीस." हे शिकवणं आहे की छळ, यावर ज्युनिअरचं आणि माझं एकमत झालं.

उरलं एक: आठवी आडवी रांग, चौदावी उभी. एच-१४. साबणात टिकलं, लिथियममध्ये टिकलं, आरएनएवरही टिकलं.

९ सप्टेंबर

एच-१४ची ताजी पावडर मागवली. ती येईपर्यंत दुसरी बाजू: पेशींमध्ये स्प्लायसिंगवरचं प्रोटीन गेलं की काय दिसतं याचा पॉझिटिव्ह कंट्रोल. मॅडमनी इंडिसुलाम हे कंपाउंड निवडलं, आरबीएम३९ हे स्प्लायसिंगवरचं प्रोटीन घालवण्यासाठी. पेशी एचसीटी-११६, आतड्याच्या कॅन्सरच्या. मॅकॉय मीडियात टाकल्या.

१६ सप्टेंबर

उद्या विसर्जन. पेशी उद्याच तयार होणार, त्यांना कॅलेंडर कळत नाही. रस्ते बंद, म्हणजे पहाटे चालत यायचं आणि सहा तासांचा नमुना दुपारी काढायचा. २४ तासांचा परवा सकाळी, तेव्हाही मिरवणूक संपलेली नसणार.

१८ सप्टेंबर

नमुने काढले. ढोल अजून कानात. नमुन्यांच्या डब्यावर मामांनी मोदकाचा डबा ठेवला होता, फ्रीजबाहेर ठेवला एवढं नशीब. ब्लॉट (प्रोटीन आहे की नाही हे अँटिबॉडीने पट्ट्याच्या रूपात दाखवणारी चाचणी) केला, डेव्हलप केला, कोरा कागद. दुय्यम अँटिबॉडी घालायलाच विसरले.

४ ऑक्टोबर

आजचा ब्लॉट या वहीत चिकटवून ठेवला आहे.

चार रांगा. पहिली नुसतं डीएमएसओ: आरबीएम३९चा जाड पट्टा. दुसरी इंडिसुलाम, सहा तास: पट्टा नाही. फिका नाही, नाहीच. तिसरी एमएलएन४९२४ आधी देऊन मग इंडिसुलाम: पट्टा परत. चौथी बॉर्टेझोमिब आधी देऊन मग इंडिसुलाम: पट्टा परत. खाली ॲक्टिन, तुलनेसाठीचं नेहमीचं प्रोटीन, चारही रांगांत सारखं. चार महिन्यांत इतकं स्वच्छ काही पाहिलं नव्हतं, म्हणून ही गोष्ट नीट लिहून ठेवते.

इंडिसुलाम हे ॲरिल सल्फोनामाइड, आजीच्या काळातल्या सल्फाच्या गोळ्यांचं लांबचं नातलग. जपानच्या एइसाय कंपनीचं, तेव्हा नाव ई७०७०. कॅन्सरच्या रुग्णांवर चाचण्या झाल्या, थोड्यांना थोडा गुण आला, आणि ते कसं काम करतं हे कुणालाच धड सांगता येईना. २०१७ साली दोन गटांनी स्वतंत्रपणे शोधलं. त्यातल्या टेक्सासच्या गटाची युक्ती मला फार आवडली. एचसीटी-११६ पेशींत डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी एक यंत्रणा मोडलेली असते, त्यामुळे त्यांच्यात बदल भराभर साठतात. अशा पेशींवर औषध टाकायचं, ज्या जगतील त्या वेगवेगळ्या वाढवायच्या आणि त्यांच्या जनुकांत समान काय बदललंय ते वाचायचं. वाचलेल्यांत पुन्हा पुन्हा एकच प्रोटीन बदललेलं निघालं: आरबीएम३९, आणि बदल त्याच्या दुसऱ्या आरआरएममध्ये, उदाहरणार्थ २६८व्या जागी ग्लायसिनऐवजी व्हॅलिन.

इथपर्यंत वाचून मला वाटलं, मिळालं! आरआरएमला अडवणारं औषध. पण इंडिसुलाम आरबीएम३९ला अडवत नाही, मारवतं. पेशीत नको असलेल्या प्रोटीनांवर युबिक्विटिनचा शिक्का मारून त्यांना प्रोटिअसोमच्या भट्टीत पाठवणारी खाती असतात. त्यातल्या एका खात्यात डीकॅफ१५ नावाचा कारकून आहे. आरबीएम३९शी त्याची एरवी ओळखदेख नाही. इंडिसुलाम डीकॅफ१५वर बसतं, तेही एकटं असताना सैलसर. पण ते बसलं की कारकुनाच्या टेबलाचा आकार असा बदलतो की आरबीएम३९ त्यात चपखल बसतं. तिघं मिळून घट्ट. शिक्का बसतो, फाइल भट्टीत. एमएलएन४९२४ हे खातं बंद पाडतं आणि बॉर्टेझोमिब भट्टी. म्हणून माझ्या तिसऱ्या-चौथ्या रांगेत पट्टा परत आला.

आता खरी गोष्ट. २०१९-२० मध्ये या तिघांच्या रचना आल्या. डीकॅफ१५ आरबीएम३९च्या आरआरएमला धरतं ते पाटाच्या बाजूने धरतच नाही. मागच्या हेलिक्सला धरतं. २६८वं ग्लायसिन तिथेच आहे. ग्लायसिन सगळ्यात लहान म्हणून ते दोघं इतके जवळ येऊ शकतात. व्हॅलिन आलं की मधे खडा.

संध्याकाळी हॉस्टेलच्या मेसमध्ये पोळपाट उलटा करून बघितला. खाली तीन पाय. वरची बाजू गुळगुळीत, हात घसरतो. खाली पाय आहेत, तिथे धरता येतं. मावशी म्हणाल्या, "काय शोधतेस गं, किंमत?"

१५ ऑक्टोबर

एच-१४ची ताजी पावडर आली. विरघळवली, प्लेट टाकली. काहीच नाही. सपाट रेघ.

जुन्या ट्यूबमधलं टाकलं: सुरेख उतरता आलेख.

१६ ऑक्टोबर

पुन्हा तेच. ज्युनिअरने डोळे झाकून ट्यूब अदलाबदल करून दिल्या, तरी तेच.

११ नोव्हेंबर

दिवाळी झाली. मास स्पेक्ट्रोमीटरचा नंबर आज लागला. ताज्या पावडरीचं एकच शिखर. जुन्या ट्यूबमध्ये मूळ शिखर बुटकं, शेजारी एक नवं, वजनाने दोन हायड्रोजन कमी.

एच-१४मध्ये बेंझिनच्या कड्यावर शेजारी शेजारी दोन हायड्रॉक्सिल आहेत, कॅटेकॉल. पाच वर्षं डीएमएसओत राहून हवेने त्याचं क्विनोन झालं. क्विनोन भुकेलं असतं, सिस्टीन या अमिनो आम्लावरचं गंधक दिसलं की चावतं. यूपी१मध्ये सिस्टीन आहेत. प्रोटीनला वाचवायला मी बफरात डीटीटी घातलं होतं, पण ते जूनमध्ये बनवलेलं, स्वतःच केव्हाच संपलेलं. ताजं डीटीटी घातल्याबरोबर जुन्या ट्यूबचाही परिणाम शून्य.

अकरातलं अकरावं गेलं.

मॅडम म्हणाल्या, चावणं हा गुन्हा नाही, कुणालाही चावणं हा गुन्हा. २०२३ साली नोनो नावाच्या आरएनए धरणाऱ्या प्रोटीनवर असं कंपाउंड आलं जे त्याच्या एकाच ठरावीक सिस्टीनला जाऊन जोडलं जातं. त्याची आरशातली जोडी, म्हणजे तेच अणू पण डावं-उजवं उलट, जवळजवळ निकामी. चावा आकार ओळखून घेतलेला आहे याची ती खूण. एच-१४ चपटं, त्याला डावं-उजवं नाहीच. आमच्याकडे ती परीक्षाही घेता येत नाही.

२६ नोव्हेंबर

वार्षिक आढावा. एका परीक्षकांनी विचारलं, "मग तुमचा इनहिबिटर कुठे आहे?" मी अकराचा तक्ता दाखवला: तीन चमकणारे, पाच गोळे, दोन घडीवाले, एक चावरा. खोलीत थोडा हशा. दुसरे परीक्षक, आतापर्यंत गप्प होते, त्यांनी तक्त्याची प्रत मागितली. त्यांच्याकडेही असाच एक हिट आहे म्हणाले.

४ ऑक्टोबरचा ब्लॉट दाखवला तेव्हा मॅडमनी स्वतः सांगितलं की उरलेल्या काळात आम्ही पाटावरून खाली उतरणार. अडवणारं नाही, नाहीसं करणारं शोधणार. अडचण अशी की एकटं यूपी१ प्लेटमध्ये ठेवून असं कंपाउंड सापडणारच नाही. मधे कारकून हवा. डीकॅफ१५ आणि त्याचे सोबती शुद्ध करायला कीटकांच्या पेशी लागतात, ते आमच्याकडे नाही. मग जिवंत पेशींतच बघायचं, तिथे सगळी खाती हजर असतात.

१२ डिसेंबर

हायबिट: अकरा अमिनो आम्लांचं शेपूट. प्रोटीनला ते लावलं आणि त्याचा जोडीदार बाहेरून घातला की प्रकाश पडतो. प्रोटीन गेलं की प्रकाश गेला. आरबीएम३९ आणि ए१, दोघांचेही प्लाझ्मिड (जनुक वाहून नेणारी डीएनएची कडी) मी आणि ज्युनिअर बनवतोय. ए१च्या प्लाझ्मिडमध्ये पहिल्या तीन कॉलनी उलट्या दिशेने जोडलेल्या निघाल्या. चौथी बरोबर.

नवं डीटीटी बनवलं. ट्यूबवर तारीख मोठ्या अक्षरात.

२४ जानेवारी २०२५

पहिली प्लेट. आरबीएम३९च्या पेशींवर इंडिसुलाम: प्रकाश विझला. ए१च्या पेशींवर इंडिसुलाम: जसाच्या तसा. ए१च्या पाठीमागचा हेलिक्स त्या कारकुनाला ओळखीचा नाही, म्हणजे अपेक्षेप्रमाणेच. साबणाचा प्रश्न नाही, पण कंपाउंडने पेशीच मेल्या तरी प्रकाश जाणार, म्हणून शेजारी जिवंत पेशींची वेगळी मोजणी. एकूण उजेडाचा रकाना या वेळी सगळ्यात आधी उघडला.

सोमवारी तोच ३२० चा संच, नव्या पावडरींतून. एच-१४ची वेल रिकामी सोडायची का, यावर ज्युनिअरशी वाद झाला. मी म्हणत होते सोडू. तो म्हणाला, "ताई, ताजं आहे ना, मग असू दे." असू दिलं.